घर विकताना (भाग 4) : रंगाऱ्याच्या आधी फाईल

गेल्या आठवड्यात आपण किंमत कशी ठरवायची ते पाहिलं. किंमत ठरली की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. माझं आग्रहाचं सांगणं असं की, तो फोन महिनाभर लांबवा आणि आधी कपाटातली फाईल काढा. सोसायटीतला जुना फ्लॅट विकताना व्यवहार अडतो तो कागदांपाशी. गिऱ्हाइकाला घर आवडतं, टोकन हातात पडतं, पेढेही वाटले जातात. मग त्याच्या बँकेचा वकील कागद मागतो आणि पुढचे दोन महिने दोन्ही घरं टांगणीला लागतात.

त्या फाईलमध्ये काय हवं? बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेल्या करारनाम्यापासून तुमच्या खरेदीपर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत दस्त, त्याची सूची क्रमांक दोन, नोंदणीची पावती, तुमच्या नावावर चढलेलं शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराची ताजी पावती. पहिला करार कोणत्या तारखेचा आहे, तेही बघून ठेवा. 10 डिसेंबर 1985 पासून फ्लॅटच्या करारावर खरेदीखताप्रमाणे पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं. त्याआधीचे करार पाच रुपयांच्या मुद्रांकावर होत. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत वकील सगळ्यात आधी हेच तपासतो. साखळीतला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं करावं लागतं. या कामाला आठवडे लागतात, म्हणून ते गिऱ्हाईक येण्याआधी व्हायला हवं.

घर आईवडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर इथे जरा जास्त थांबा. सोसायटीत नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे म्हणजे घर आपलं झालं, असा समज अजूनही पुष्कळ घरांत आहे. तो चुकीचा आहे. नॉमिनीला सोसायटीत तात्पुरतं सभासदत्व मिळतं. मालकी वारसांची असते, आणि हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांत मुलींचा हक्क मुलांइतकाच असतो. त्यामुळे एकतर सगळ्या वारसांनी मिळून विक्रीच्या करारावर सह्या करायच्या, नाहीतर ज्यांना हिस्सा नको आहे त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचं. ‘ताईची सही काय, नंतर घेऊ’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि त्यातून तुटलेली नातीही पाहिली आहेत. तिला आधी विचारा, किंमत सांगा, तिच्या वाट्याचं बोला. हे फक्त कायद्यासाठी करायचं नाही. त्या घरात तीही वाढली आहे.

कर्ज फिटलं असेल तर मूळ कागद बँकेतून आणले का, ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 डिसेंबर 2023 पासून, पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत बँकेने कागद परत द्यायचे आहेत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कर्ज चालू असलं तरी विक्री होते. थकबाकीचं पत्र घ्या. घेणाऱ्याची बँक तेवढी रक्कम थेट तुमच्या बँकेत भरते.

सोसायटीचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने हस्तांतराची 15 दिवसांची नोटीस द्यायची असते. ना-हरकत दाखल्याची सक्ती नाही, पण घेणाऱ्याची बँक तो मागतेच. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा होत असेल तर हिशेब आजच करा आणि मेंटेनन्सची बाकी चुकती करा. हस्तांतर शुल्क 500 रुपये आहे. हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा महापालिका हद्दीत 25,000 रुपये आहे. त्यावर ‘देणगी’ मागितली तर नम्रपणे उपविधी दाखवा.

आता भिंती. ओल असेल तर तिच्यावर रंग फासू नका. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर वरच्यांशी बोलून आधी गळती थांबवा, भिंत सुकू द्या, मग फिकट रंगाचा एक हात पुरतो. झाकलेली ओल पहिल्या पावसात वर येते आणि फसवल्याची भावना नव्या माणसाच्या मनात कायमची राहते. महागड्या टाइल्स, नवं किचन यांवर खर्च करू नये असं माझं मत आहे. येणारा आपल्या आवडीनेच ते बदलतो. त्यापेक्षा माळा रिकामा करा. जागा मोकळी दिसते आणि तिथल्या स्लॅबची अवस्थाही कळते. पितळेची भांडी, जुने अल्बम, वडिलांची पुस्तकं यांचा निर्णय मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊ द्या, आणि त्यासाठी त्यांना पुरेसा वेळ द्या. टेम्पो दारात उभा असताना हे विचारणं क्रूरपणाचं आहे.

ताबा शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्यावा, आणि ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. एसी, गिझर, इन्व्हर्टर, पंखे यांपैकी काय राहणार नि काय जाणार, हे करारातच लिहा. ताब्याच्या दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. गावच बदलणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत रक्कम परत घ्या. लिफ्टमधून सामान नेण्याची वेळ सेक्रेटरींकडून आधीच ठरवून घ्या.

पुढच्या आठवड्यात भांडवली नफ्यावरचा कर पाहू. तोवर या रविवारी फाईल उघडा आणि नसलेल्या कागदांची यादी करा. आईवडील सोबत असतील तर त्यांच्याशेजारी बसूनच करा. कोणता कागद कुठे ठेवला आहे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असतं.