जुनी झूम लेन्स : दोष काचेचा की आपला?



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कामाचा आहे. स्वस्तात मिळालेली जुनी झूम लेन्स चांगली की वाईट, हे ठरवायचे कसे? मी राहतो कोलकात्यात, त्यामुळे उदाहरणे इथलीच देतो. चौरंगीवर मेट्रो सिनेमाच्या बाजूला कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. सगळे त्याला मेट्रो गल्लीच म्हणतात. नवे-जुने कॅमेरे, लेन्स आणि दुरुस्ती करणारे कारागीर तिथे एकत्र सापडतात. समजा, तिथे तुम्हाला एक चाळीस-पंचेचाळीस वर्षांची झूम आवडली. दुकानदार म्हणाला, "दोन दिवसांत परत आणलीत तर पैसे परत." घरी येऊन फोटो काढले तर ते सॉफ्ट दिसतात. आता लेन्स ठेवायची की परत करायची?

फौजेत रायफल झिरो करताना आम्ही आधी ग्रुपिंग बघतो. एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या. पाचही जवळजवळ पडल्या, पण मध्यापासून बाजूला, तर साइट जुळवून घेता येते. पाचही विखुरल्या, तर आधी झाडणाऱ्याचा श्वास, खांदा आणि ट्रिगरवरचे बोट तपासतात, मग रायफल. एका गोळीवरून रायफलला कोणी नावे ठेवत नाही. लेन्सलाही हाच न्याय लावा.

नावावर जाऊ नका

निकॉनची दोन उदाहरणे घेऊ. १९६३ साली ४३-८६ मिलिमीटर, एफ ३.५ ही झूम आली. तिच्यावर 'निक्कॉर' हे मानाचे नाव होते. ती आटोपशीर होती आणि खपलीही भरपूर, पण पहिल्या आवृत्तीत सरळ रेषा वाकतात आणि उजेड समोर असला की चित्र फिके पडते. पुढे सत्तरच्या दशकात काचांची रचना बदलली, तेव्हा ती सुधारली.

दुसरी आहे ७५-१५० मिलिमीटर, एफ ३.५, सिरीज ई. ही १९८० ची. त्याच्या आदल्या वर्षी निकॉनने ईएम नावाचा स्वस्त कॅमेरा काढला होता. त्याच्या जोडीला स्वस्त लेन्सची ही मालिका आली. हिच्यावर 'निक्कॉर' हे नाव नाही. तरीही ती इतकी नेमकी निघाली की जाणकार आजही ती शोधतात. पूर्ण झूमभर एफ ३.५ कायम राहतो, फिल्टर ५२ मिलिमीटरचा साधा बसतो. खोड एकच : झूमची कडी सैल होते आणि लेन्स खाली धरली की आपोआप सरकते. म्हणजे मोठे नाव असलेली लेन्स कमी पडली आणि नाव नसलेली सरस ठरली. म्हणून हातात आलेला नग तपासायचा, कारण चाळीस वर्षांत प्रत्येक नगाचे नशीब वेगळे असते.

काउंटरवर पाच मिनिटे

लेन्सची दोन्ही झाकणे काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून तिरके बघा. चार धूलिकण दिसले तर सोडून द्या, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोलकात्याच्या दमट हवेत ती हमखास भेटते, कोकणातही तसेच. वरवरची बुरशी कारागीर पुसून देतो, पण तिने काचेचे कोटिंग खाल्ले असेल तर डाग कायमचा. सगळ्या काचेवर दुधाळ वाफेसारखा थर दिसला तर ती लेन्स उजेडासमोर फिकी पडणारच.

मग अ‍ॅपर्चरची पाती बघा. त्यांवर तेल नको, आणि ती झटकन मिटली पाहिजेत. झूम आणि फोकस शेवटपर्यंत फिरवून बघा. झूम सैल असेल तर ती गैरसोय आहे, काचेचा दोष नाही. चाचणीच्या वेळी कडीवर कागदी चिकटपट्टी लावली की भागते.

अ‍ॅडॉप्टरची गंमत

आजकाल या लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टरने लावतात. निकॉन एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर, सोनी ई माउंटचे १८. म्हणून अ‍ॅडॉप्टर नेमका २८.५ मिलिमीटर जाड हवा. स्वस्त अ‍ॅडॉप्टर बऱ्याचदा किंचित पातळ असतो. साध्या लेन्सला याचा त्रास जाणवत नाही, फोकस खुणेच्या थोडा अलीकडे येतो इतकेच. झूमला मात्र जाणवतो. या जुन्या झूम अशा बनवलेल्या असतात की १५० वर फोकस करून ७५ वर आलो तरी फोकस टिकावा. अ‍ॅडॉप्टरची जाडी चुकली की हा गुण जातो आणि ७५ चा फोटो सॉफ्ट येतो. माणूस लेन्सला शिव्या देतो, दोष असतो अ‍ॅडॉप्टरचा. उपाय सोपा : झूम बदलला की दर वेळी नव्याने फोकस करा. अ‍ॅडॉप्टर आतून चकचकीत असेल तर त्यानेही चित्र फिके पडते, तेही बघून ठेवा.

सत्तावीस फोटोंची परीक्षा

आता घरी. छापील चार्टची गरज नाही. कोलकात्याच्या जुन्या घरांना हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या असतात, बंगालीत त्यांना खडखडी म्हणतात. गल्लीच्या पलीकडे अशा खिडक्यांची रांग असेल तर तोच तुमचा चार्ट. पुण्यात विटांची भिंत चालेल. अंतर पंधरा-वीस मीटर ठेवा. लांबची इमारत घेऊ नका, कारण दुपारी तापलेली हवा थरथरते आणि सगळ्यात महाग लेन्सही सॉफ्ट दिसते. हिवाळ्यात सकाळचे धुके आणि धूर तसाच फसवतो. जवळची भिंत आणि स्वच्छ सकाळ हे उत्तम.

कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर. दोन सेकंदांचा टायमर. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर बंद. चित्र मोठे करून फोकस करा. झूमच्या तीन जागा घ्या : ७५, १०० च्या आसपास आणि १५०. प्रत्येक जागी तीन अ‍ॅपर्चर : एफ ३.५, ५.६ आणि ८. प्रत्येकी तीन फोटो, दर वेळी फोकस मोडून पुन्हा केलेला. झाले सत्तावीस. हेच आपले ग्रुपिंग. तिघांपैकी एक स्वच्छ आणि दोन सॉफ्ट असतील तर लेन्स चांगली आहे, फोकस करणारा हात डळमळतो आहे. तिन्ही सारखेच सॉफ्ट असतील तर लेन्सकडे वळा.

एफ १६ वर परीक्षा घेऊ नका. छिद्र लहान झाले की प्रकाश पसरतो. एफ ८ ला बिंदूची तबकडी सुमारे ११ मायक्रॉनची होते, एफ १६ ला २१ ची. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जेमतेम ६ मायक्रॉनचा असतो. तिथे सगळ्याच लेन्स सारख्या दिसतात.

दोषांचे तीन ढीग

फोटो संगणकावर बघताना दोष तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग : संगणकावर निघणारे दोष. सरळ रेषांचा बाक, कोपऱ्यांचा अंधार, आणि कडांना हिरवी-जांभळी किनार. प्रिन्सेप घाटावर जाऊन विद्यासागर सेतूच्या केबल आभाळासमोर टिपा, फ्रेमच्या कडेला ही किनार असेल तर लगेच दिसेल. छिद्र लहान करून ती जात नाही, पण सॉफ्टवेअर ती एका क्लिकमध्ये काढते.

दुसरा ढीग : छिद्र लहान केल्यावर जाणारे दोष. एफ ३.५ ला सगळीकडे हलकी प्रभा, कोपरे सॉफ्ट, आणि एफ ५.६ ला चित्र एकदम खुलते. जुन्या झूममध्ये हे चालायचेच. माणसांचे फोटो काढणाऱ्याला तर ती प्रभा आवडतेही.

तिसरा ढीग : न जाणारे दोष. यात पहिला मान एका बाजूच्या सॉफ्टपणाचा. कधीतरी लेन्स पडलेली असते किंवा कोणी उघडून नीट बसवलेली नसते, आणि आतली एखादी काच तिरकी होते. तपासण्यासाठी एकच खिडकी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि दर वेळी तिच्यावरच फोकस करा. चारही कोपरे चांगले आले तर लेन्स निर्दोष. आधीचे सॉफ्ट कोपरे ही फोकसच्या वक्रतेची करामत होती. एकच कोपरा एफ ८ लाही हट्टाने सॉफ्ट राहिला, तर काच तिरकी आहे. याच ढिगात दुधाळ थर आणि कोटिंग खाल्लेली बुरशी.

निर्णय

तिसऱ्या ढिगात काही पडले, तर दोन दिवसांच्या आत लेन्स परत करा. स्वस्त आहे म्हणून ठेवू नका. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीपुढे जातो, आणि दर फोटोत तो कोपरा तुम्हाला टोचत राहतो. दोष पहिल्या दोन ढिगांतच असतील, तर स्वतःला विचारा : मी हिचा वापर कुठे करणार? दुर्गापूजेच्या रात्री मंडपात एफ ३.५ वरच काम असेल, तर एफ ३.५ चे फोटो बघून ठरवा. मैदानावर सकाळी फुटबॉल टिपायचा असेल, तर एफ ५.६ पुरेल. एपीएस-सी कॅमेरा असेल तर तो लेन्सचा मधलाच भाग वापरतो, मग टोकाच्या कोपऱ्यांची काळजी कशाला?

लेन्स ठेवलीत तर ती कपाटात कोंडू नका. बंद डब्यात सिलिका जेल घाला, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा. पुढच्या भागात असा डबा घरच्या घरी कसा करायचा ते बघू.

जय हिंद.