अकोल्यात मतं फुटतात, अमरावतीत पक्ष बदलतात. वऱ्हाडातल्या या दोन शहरांचं गणित काय आहे?

लोकसभेचा निकाल लागला की अकोल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बेरीज हमखास फिरते. काँग्रेसची मतं अधिक प्रकाश आंबेडकरांची मतं, बरोबर भाजपचा पराभव.

2024 ला तर आकडेही तसेच आले. भाजपचे अनुप धोत्रे यांना 4 लाख 57 हजार, काँग्रेसचे डॉ. अभय पाटील यांना 4 लाख 16 हजार आणि आंबेडकरांना 2 लाख 76 हजार मतं. धोत्रे साधारण 40 हजारांनी निवडून आले आणि 'बी टीम' कोण यावरून पुन्हा जुंपली.

पण हीच बेरीज 2019 ला करून बघा. संजय धोत्रे यांना 5 लाख 54 हजार मतं होती. आंबेडकर आणि काँग्रेसचे हिदायत पटेल यांची मतं एकत्र केली तरी 5 लाख 33 हजारच होतात. म्हणजे त्या वर्षी मतं फुटली नसती, तरी भाजपच जिंकली असती.

या तिरंगी लढतीचं मूळ 'अकोला पॅटर्न'मध्ये आहे. नव्वदच्या दशकात आंबेडकरांनी दलित मतदारांसोबत बंजारा, माळी, धनगर आणि इतर छोट्या ओबीसी जातींना जोडायला घेतलं. मखराम पवारांचा बहुजन महासंघ आणि भारिप एकत्र आले. 1993 ला किनवटच्या पोटनिवडणुकीत भीमराव केराम निवडून आले, तेव्हा या प्रयोगाची राज्याने दखल घेतली. पुढे अकोला जिल्हा परिषदेत या पक्षाने अनेक वर्षं सत्ता राखली.

लोकसभेला मात्र आंबेडकर अकोल्यातून दोनदाच जिंकले, 1998 आणि 1999 ला. 1998 ला काँग्रेस आणि रिपब्लिकन गट एकत्र होते. त्याच निवडणुकीत शंभरेक किलोमीटरवरच्या अमरावतीतून रा. सू. गवईही खासदार झाले. त्याआधी पांडुरंग फुंडकर सलग तीनदा आणि 2004 पासून धोत्रे पिता-पुत्र, म्हणजे बाकी सगळा काळ कमळाचाच.

असं असलं तरी अकोला शहर भाजपचा बालेकिल्ला आहे असं डोळे झाकून म्हणता येत नाही. गोवर्धन शर्मा 1995 पासून सलग सहा वेळा आमदार झाले. लालाजी म्हणून ओळखले जाणारे शर्मा 2019 ला काँग्रेसच्या साजिद खान पठाण यांच्याविरुद्ध फक्त 2,593 मतांनी वाचले. त्यांच्या निधनानंतर 2024 ला अकोला पश्चिममध्ये भाजपने विजय अग्रवाल यांना उतरवलं आणि साजिद खान 1,283 मतांनी जिंकले.

यावेळी फाटाफूट उलट्या बाजूने झाली होती. 'वंचित'च्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तर भाजपचे बंडखोर मैदानात राहिले. बंडखोरांनी घेतलेली मतं पराभवाच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त होती. मतविभागणीचा फटका एकाच पक्षाला बसतो, हा समज इथे खोटा ठरला.

अमरावतीची तऱ्हाच वेगळी. इथल्या लोकसभेने 1989 ला भाकपचे सुदाम देशमुख निवडून दिले, 1991 ला काँग्रेसच्या प्रतिभा पाटील, 1996 ला शिवसेनेचे अनंत गुढे आणि 1998 ला गवई. दहा वर्षांत चार पक्ष झाले!

नवनीत राणांचं उदाहरण तर अभ्यासाला घ्यावं असं आहे. 2019 ला त्या अपक्ष होत्या, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर. मतं मिळाली 5 लाख 10 हजार, आणि शिवसेनेचे आनंदराव अडसूळ 36,951 मतांनी पडले. 2024 ला त्या भाजपच्या चिन्हावर लढल्या. मतं 5 लाख 6 हजार. आकडा जवळजवळ तोच, पण त्यामागची मतदारांची मोट बदललेली. ज्या पक्षांच्या पाठिंब्यावर त्या आधी निवडून आल्या, तेच आता समोर होते. काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी त्यांना 19,731 मतांनी हरवलं. प्रहारचे दिनेश बुब यांनी घेतलेली 85 हजार मतंही या फरकापेक्षा चौपट होती.

विधानसभेत तर उमेदवार तेच, पक्ष वेगळे. 2019 ला काँग्रेसच्या सुलभा खोडके यांनी भाजपच्या डॉ. सुनील देशमुखांना हरवलं. 2024 ला खोडके अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आणि देशमुख काँग्रेसमध्ये. निकाल? पुन्हा खोडकेच. शेजारच्या बडनेऱ्यात रवी राणा 2009 पासून सलग चार वेळा आमदार आहेत, तेही कुठल्याच मोठ्या पक्षाच्या चिन्हाशिवाय. अशा ठिकाणी पक्षाच्या नावावरून शहराचा कल सांगणारा माणूस हमखास तोंडघशी पडतो. बरेच मतदार दारात येणारा, फोन उचलणारा, कामाला धावून जाणारा माणूस बघतात.

त्यात शहरं वाढतायत. 2016 ला अकोल्याच्या हद्दवाढीत 24 गावं महापालिकेत आली. दुसऱ्याच वर्षी भाजपने तिथे 80 पैकी 48 जागा जिंकल्या. अमरावतीतही 87 पैकी 45.

हे आकडे लोकसभेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अकोला लोकसभेत अकोट, बाळापूर, मूर्तिजापूरपासून वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडपर्यंतचा मतदार असतो. अमरावतीत मेळघाटचे आदिवासी पाडेही येतात. तिथे कापूस-सोयाबीनचा भाव, पाणी आणि पीकविमा आधी बोलला जातो. शहरातल्या चौकात वेगळीच चर्चा चालू असते.

जून 2024 मध्ये अमरावतीचा खासदार काँग्रेसचा झाला. नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यातल्या आठ विधानसभा जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही.