संशोधनाची भागीदारी आणि तिचे नियम

इटलीच्या दक्षिण टोकाला पुलिया नावाचा प्रांत आहे. तेथे ऑलिव्हच्या बागा दूरवर पसरलेल्या आहेत आणि त्यांतील कित्येक झाडे शेकडो वर्षांची आहेत. या प्रांतातील गाल्लीपोली गावाच्या परिसरात ही झाडे शेंड्याकडून वाळू लागली. २०१३ मध्ये त्याचे कारण सापडले. 'झायलेला फॅस्टिडिओसा' नावाचा जिवाणू झाडाच्या जलवाहिन्यांत वाढतो आणि त्या बुजवून टाकतो. मुळांनी शोषलेले पाणी पानांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. हा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम एक लहानसा रसशोषक कीटक करतो. त्याची पिले गवतावर स्वतःभोवती पांढरा फेस तयार करून राहतात.

रोगाला देशांच्या सीमा ठाऊक नसतात. २०१५ मध्ये हा जिवाणू कॉर्सिका बेटावर आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आढळला. २०१६ मध्ये तो स्पेनच्या मायोर्का बेटावरही सापडला. त्याचा सामना करायचा तर जिवाणूंचे अभ्यासक हवेत, कीटकांचे जाणकार हवेत, विमानातून छायाचित्रे घेऊन आजारी झाडे हेरणारे तंत्रज्ञ हवेत आणि रोगाला तोंड देणारी वाणे शोधणारे शेतीशास्त्रज्ञही हवेत. एका प्रयोगशाळेत, किंबहुना एका देशातही, हे सर्व मिळणे कठीण. म्हणून युरोपीय संघाच्या पैशातून 'पोंटे' आणि 'एक्सएफ-ॲक्टर्स' हे दोन मोठे प्रकल्प अनुक्रमे २०१५ आणि २०१६ मध्ये सुरू झाले. दोहोंचे समन्वयन इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे होते.

आता प्रश्न असा, की निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या कायद्यांखाली वावरणाऱ्या संस्था एकत्र येतात, तेव्हा कोणी काय करायचे, पैसे कोणाला किती मिळणार आणि जे शोध लागतील ते कोणाच्या मालकीचे, हे कसे ठरते? सूक्ष्मदर्शकाखाली याचे उत्तर सापडत नाही. ते करारनाम्याच्या कागदावर शोधावे लागते. हे कागद समजून घेतल्याशिवाय आजचे मोठे विज्ञान कसे चालते, ते कळणार नाही.

पैसा कोणाचा?

युरोपीय संघाच्या मूळ करारात संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील १८२ वे कलम सांगते, की संघाने अनेक वर्षांचा संशोधन कार्यक्रम आखावा. १८३ वे कलम सांगते, की त्यात कोणी व कसा भाग घ्यावा याचे नियम करावेत. असा पहिला कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. २०१४ ते २०२० या काळातील 'होरायझन २०२०' कार्यक्रमासाठी जवळजवळ ८० अब्ज युरोंची तरतूद होती. त्यानंतरच्या 'होरायझन युरोप' या २०२१ ते २०२७ च्या कार्यक्रमासाठी सुमारे ९५.५ अब्ज युरो ठेवण्यात आले.

हा पैसा अखेर सामान्य करदात्यांच्या खिशातून आलेला असतो. म्हणून तो ओळखीपाळखीने किंवा मोठ्या नावाकडे पाहून वाटता येत नाही. नियमांची गरज येथूनच सुरू होते.

इन मीन तीन

पहिला नियम भागीदारांच्या संख्येचा. सामान्यतः प्रकल्पात किमान तीन संस्था असाव्या लागतात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात आणि प्रत्येक संस्था वेगळ्या देशातील हवी. हे देश युरोपीय संघाचे सदस्य किंवा कार्यक्रमाशी करार करून जोडलेले 'सहयोगी' देश असावे लागतात. 'होरायझन युरोप'च्या नियमांनुसार तिघांपैकी किमान एक संस्था सदस्य देशातील असलीच पाहिजे.

तीनच का? एकाच देशातल्या कामाला त्या देशाचे सरकार पैसे देऊ शकते. संघाचा पैसा खर्च करायचा तो जे काम एका देशाला पेलत नाही त्यावर, हा त्यामागचा विचार. तिन्ही संस्था स्वतंत्र हव्यात, नाहीतर एकच कंपनी आपल्या तीन शाखा तीन देशांत दाखवून मोकळी होईल!

सहयोगी देश असण्याचे महत्त्व किती, हे स्वित्झर्लंडने अनुभवले. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी तेथील जनतेने मतदानाने परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालण्याचा कौल दिला. त्यातून युरोपीय संघाशी बोलणी अडली आणि संशोधन कार्यक्रमातील त्या देशाचे स्थानही डळमळले. २०१६ अखेरपर्यंत कार्यक्रमाच्या काही भागांत स्विस संस्था तिघांच्या संख्येत धरल्या जात नव्हत्या, आणि त्यांच्या कामाचा खर्च त्यांच्याच सरकारला करावा लागत होता. २०१७ मध्ये पूर्ण सहयोग परत मिळाला. २०२१ मध्ये नवा कार्यक्रम आला तेव्हा तो पुन्हा हातचा गेला. प्रयोगशाळा त्याच, शास्त्रज्ञ तेच. पण एका करारावर त्यांचे दार उघडे की बंद हे ठरत होते.

गुणपत्रिका

प्रस्ताव आला, की तो स्वतंत्र तज्ज्ञांकडे जातो. सामान्यतः किमान तीन तज्ज्ञ तो तपासतात. ज्या तज्ज्ञाचा प्रस्तावाशी काही हितसंबंध असेल त्याला बाजूला व्हावे लागते. गुण तीन बाबींना असतात: विज्ञानाची उत्कृष्टता, कामाचा होणारा परिणाम आणि काम पार पाडण्याच्या योजनेची गुणवत्ता. प्रत्येक बाबीला ५ पैकी गुण. उत्तीर्ण होण्यासाठी सामान्यतः प्रत्येकीत किमान ३ आणि एकूण १५ पैकी किमान १० गुण लागतात. म्हणजे ५, ५ आणि २ असे गुण मिळाले, तर बेरीज १२ होऊनही प्रस्ताव नापास! शिवाय उत्तीर्ण झाला म्हणजे पैसे मिळालेच असे नाही. पैसे पुरतील तेथपर्यंत गुणानुक्रमाने वरचे प्रस्ताव निवडले जातात.

वाटाघाटी कोणाशी?

२०१३ पर्यंत निवडलेल्या प्रस्तावावर युरोपीय आयोगाचे अधिकारी आणि भागीदार यांच्यात वाटाघाटी होत. कामाचा आराखडा बदले, खर्चाला कात्री लागे आणि त्यात महिनोन् महिने निघून जात. २०१४ पासून ही पद्धत बदलली. प्रस्ताव जसा असेल तसाच तपासायचा, परीक्षेनंतर त्यात मोठे फेरफार करायचे नाहीत, असे ठरले. अर्जाची मुदत संपल्यापासून सामान्यतः ५ महिन्यांत निकाल आणि पुढील ३ महिन्यांत करारावर सह्या, असे वेळापत्रक घालून देण्यात आले.

मग वाटाघाटी संपल्या का? मुळीच नाही! त्या आता भागीदारांच्या आपापसांत होतात. कारण येथे दोन करार असतात. पहिला अनुदान करार, युरोपीय संघ आणि भागीदार यांच्यातला. त्याचा नमुना छापील असतो, त्यातली कलमे बदलता येत नाहीत. दुसरा भागीदारी करार, तो भागीदारांनी आपापसांत करायचा. त्यात आयोग पक्षकार नसतो. त्यासाठी 'डेस्का' नावाचा एक नमुना बराच वापरला जातो, पण त्यातील कलमे भागीदारांना गरजेप्रमाणे बदलता येतात. खरी कसोटी येथेच लागते.

कोणाचे काय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पोर्तुगालचे एक विद्यापीठ, नेदरलँड्समधील एक लहान कंपनी आणि ग्रीसमधील एक शेतीसंस्था मिळून ऑलिव्हचा रोग लवकर ओळखणारे हातात धरण्याजोगे उपकरण बनवायला निघतात. कंपनीकडे प्रतिमा वाचणारी संगणक-प्रणाली आधीपासून आहे. विद्यापीठाकडे पानांची रासायनिक चाचणी आहे. ग्रीक संस्थेकडे बागा आहेत आणि झाडांच्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत.

जे ज्ञान प्रत्येकाने बरोबर आणले, त्याला 'पूर्वज्ञान' म्हणू. ते ज्याचे त्याचेच राहते. मात्र कोणते पूर्वज्ञान कामासाठी लागणार, हे सर्वांनी आधी लेखी ठरवायचे असते. प्रकल्पात जे नवे निर्माण होते त्याला 'निष्पत्ती' म्हणू. निष्पत्ती ज्याने निर्माण केली त्याची. दोघांनी मिळून केली आणि कोणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नसेल, तर दोघांची सामाईक.

पण मालकी एकाची झाली म्हणून इतरांनी हात चोळत बसायचे काय? नाही. प्रकल्पातील आपले काम पुरे करण्यासाठी एकाची निष्पत्ती दुसऱ्याला लागली, तर ती विनामूल्य वापरू द्यावी लागते. आणि पुढे स्वतःच्या निष्पत्तीचा उपयोग करण्यासाठी, उदाहरणार्थ उपकरण विकण्यासाठी, दुसऱ्याची निष्पत्ती लागली, तर ती न्याय्य आणि वाजवी अटींवर मिळते. ही मागणी सामान्यतः प्रकल्प संपल्यापासून एका वर्षाच्या आत करावी लागते. निष्पत्तीची मालकी दुसऱ्या कोणाकडे गेली, तर ही बंधने नव्या मालकालाही लागू होतात, अशी तजवीज विकणाऱ्याने करायची असते.

आता ग्रीक संस्थेचा विचार करा. 'आमच्या तर नुसत्या नोंदी आहेत,' असे म्हणून तिने त्या पूर्वज्ञानाच्या यादीत लिहिल्याच नाहीत, त्यांचा वापर कशासाठी व कुठवर हेही ठरवले नाही, तर पुढे काय होईल? त्या नोंदींच्या आधारे तयार झालेले उपकरण बाजारात येईल आणि आपला हक्क सांगताना संस्थेकडे कागद नसेल. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. आपल्याकडे सामाईक विहिरीत हिस्सा कोणाचा किती, हे सातबारावर लिहून ठेवतात, ते काही भाऊबंदांवर अविश्वास म्हणून नव्हे. पाणी भरपूर असते तेव्हा पाळी ठरवणे सोपे जाते. ते आटल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रसिद्धीचा प्रश्नही असाच. विद्यापीठाला शोधनिबंध लवकर छापायचा असतो, तर कंपनीला आधी पेटंटचा अर्ज करायचा असतो. कारण एकदा शोध प्रसिद्ध झाला, की युरोपात त्यावर पेटंट मिळत नाही. म्हणून छापण्यापूर्वी इतर भागीदारांना सूचना द्यावी लागते. 'होरायझन २०२०'मध्ये ही मुदत ४५ दिवसांची होती. 'होरायझन युरोप'च्या करारनाम्यात, भागीदारांनी वेगळे ठरवले नसेल तर, ती १५ दिवसांची आहे. आपले न्याय्य हित दुखावते असे दाखवता आले, तर भागीदार हरकत घेऊ शकतो. मात्र निबंध छापला गेला, की तो सर्वांना विनामूल्य वाचता आला पाहिजे. करदात्याने पैसे दिले, तेव्हा फळ त्यालाही दिसले पाहिजे!

थोडे गणित

संशोधन प्रकल्पात एखाद्या विद्यापीठाने पगारावर ८०,००० युरो आणि प्रवास व साहित्यावर २०,००० युरो खर्च केले, असे समजा. प्रत्यक्ष खर्च झाला १,००,००० युरो. वीज, इमारत, कार्यालय असा अप्रत्यक्ष खर्च मोजत बसण्याऐवजी त्यावर सरसकट २५ टक्के धरले जातात. एकूण झाले १,२५,००० युरो. निव्वळ संशोधनाच्या प्रकल्पात हे सर्व मिळू शकतात. पण बाजाराच्या जवळ पोहोचलेल्या 'नवनिर्मिती' प्रकारच्या प्रकल्पात नफा कमावणाऱ्या कंपनीला त्यातील सामान्यतः ७० टक्केच, म्हणजे ८७,५०० युरो मिळतात. पुढे नफा तिलाच होणार, तेव्हा काही भार तिनेही उचलावा, हा हिशेब.

एखादा भागीदार मध्येच बुडाला तर? उरलेल्यांनी काम पुरे करायचे असते; पण त्याने बुडवलेले पैसे सामान्यतः त्यांच्याकडून वसूल केले जात नाहीत. त्यासाठी प्रत्येक अनुदानातील लहानसा भाग एका सामाईक हमी निधीत ठेवलेला असतो. 'होरायझन २०२०'मध्ये तो ५ टक्के होता. हा निधी नसता तर लहान संस्था अशा भागीदारीत उतरायला धजल्याच नसत्या.

मतभेद झाले तर

सर्व काही लिहिले, तरी कारभार नीट हवा. मानवी मेंदूचे संगणकावर अनुकरण करण्याचा 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे समन्वयन स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्या संस्थेकडे होते. जुलै २०१४ मध्ये शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी युरोपीय आयोगाला खुले पत्र लिहिले. प्रकल्पाची दिशा संकुचित झाली आहे आणि कारभार पारदर्शक नाही, अशी त्यांची तक्रार होती. जर्मनीतील युलिश संशोधन केंद्राचे प्रमुख वोल्फगांग मार्क्वार्ट यांच्या नेतृत्वाखाली मध्यस्थ समिती नेमली गेली. २०१५ मधील तिच्या अहवालाने निर्णयाधिकार एका ठिकाणी एकवटण्यावर टीका केली. कारभाराची घडी बदलण्यात आली आणि प्रकल्प २०२३ पर्यंत चालला.

म्हणूनच 'डेस्का'च्या नमुन्यात सर्वसाधारण सभा असते आणि तिथे प्रत्येक भागीदाराला एक मत असते, मग तो लहान असो वा मोठा. निर्णय दोन-तृतीयांश बहुमताने होतात. एखाद्या निर्णयाने आपल्या कामाला किंवा हक्कांना गंभीर बाधा येते असे दाखवता आले, तर त्या भागीदाराला नकाराधिकारही असतो.

आपल्या देशाचे स्थान

भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यात विज्ञान सहकार्याचा करार २००१ मध्ये झाला. २०१३ पर्यंत चाललेल्या कार्यक्रमात भारतीय संस्थांना अनुदान मिळण्याची आपोआप सोय होती. २०१४ पासून ती राहिली नाही. भारतीय संस्था भागीदार होऊ शकतात. पण तिघांच्या संख्येबाहेर, आणि बहुधा स्वतःच्या पैशाने. काही वेळा दोन्ही बाजू मिळून खर्च करतात. २०१८ मध्ये फ्लूच्या नव्या पिढीच्या लशींसाठी युरोपीय संघाने आणि भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्रत्येकी दीड कोटी युरो देण्याचे ठरवले, ते असेच. मारी क्युरी यांच्या नावाच्या पाठ्यवृत्त्या मात्र कोणत्याही देशाच्या संशोधकांना खुल्या आहेत.

विज्ञानात 'मोजा, नोंदवा, मग बोला' अशी शिस्त असते. भागीदारीलाही हीच शिस्त लागते. आपण काय घेऊन आलो, काय करणार, काय मागणार आणि बिघडले तर काय, हे चार प्रश्न सही करण्यापूर्वी विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. मोठी संस्था आपल्या बळावर निभावून नेते. लहान संस्थेला आणि नवशिक्या संशोधकाला आधार असतो तो लिहिलेल्या शब्दाचाच. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा प्रकल्पात गेले, तर उपकरणाची माहितीपुस्तिका वाचता तितक्याच लक्षपूर्वक करारनामाही वाचा!