अल्प खर्चात अद्भुताचा शोध

रिकाम्या हाताने परतण्याची लाज माणसाकडून काय काय करविते, याचे एक नमुनेदार उदाहरण स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवराकाठी घडले. १९३३ सालच्या मे महिन्यात इन्व्हर्नेस येथील एका वृत्तपत्रात त्या सरोवरात प्रचंड प्राणी दिसल्याची बातमी आली. वर्षअखेरीस लंडनच्या ‘डेली मेल’ पत्राने मार्मड्यूक वेदरेल नामक शिकाऱ्यास त्याच्या मागावर धाडले. थोड्याच दिवसांत वेदरेल यांना किनाऱ्यावर पाऊलखुणा सापडल्या. परंतु लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने ठसे तपासले, तेव्हा ते पाणघोड्याच्या पायाचे निघाले! पुढे एप्रिल १९३४ मध्ये त्याच पत्रात पाण्यावर लांब मान उभारलेल्या राक्षसाचे जगप्रसिद्ध छायाचित्र झळकले. ती मान खेळण्यातील पाणबुडीवर बसविलेली होती आणि तो बनाव वेदरेल यांच्याच घरचा होता, हे उजेडात येण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

या हकीगतीत शोधयात्रेला निघणाऱ्या हौशी माणसासाठी मोठा धडा आहे. ज्याने पुष्कळ पैसा ओतला, त्याला काहीतरी दिसलेच पाहिजे, असे वाटू लागते. ज्याचा खर्च थोडा, त्याला ‘काही दिसले नाही’ असे म्हणणे जड जात नाही. एवंच, काटकसर ही केवळ खिशाची सोय नव्हे. ती डोळ्यांचीही राखण आहे.

एडिंबरोत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाही अशी यात्रा शनिवार-रविवारच्या सुटीत साधते. मे किंवा सप्टेंबर महिना त्यास सोयीचा. थंडीत दिवस फार लहान असतो, तर ऐन उन्हाळ्यात गर्दी वाढते आणि बारीक चावऱ्या माश्या जीव नकोसा करतात. शुक्रवारी सायंकाळी बसने निघाल्यास सुमारे चार तासांत इन्व्हर्नेस गाठता येते. मुक्कामाला सामायिक खोल्यांचे साधे वसतिगृह पुरते. ज्याच्याजवळ तंबू असेल त्याला तेवढाही खर्च नाही. कारण २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा व रात्र काढण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. सामानात गरम कपडे, पावसाळी अंगरखा, शिदोरी, साधी दुर्बीण, घड्याळ आणि वही एवढे असावे.

शनिवारचा दिवस सरोवराचा. त्याची लांबी सुमारे ३७ किलोमीटर आणि खोली सुमारे २३० मीटर आहे. भोवतालच्या दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींच्या कणांमुळे पाणी चहासारखे गडद दिसते. फार खालचे नीट उमगत नाही. अर्कहार्ट किल्ल्यात जाण्यास तिकीट पडते, नौकेच्या फेरीसही पैसे पडतात. परंतु डोरेस गावच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून मैलच्या मैल पाणी फुकट न्याहाळता येते. तेथे प्रथम फसविणाऱ्या गोष्टी ओळखावयास शिकावे. नौका दृष्टीआड झाल्यावरही तिच्या लाटा काठावर आपटून परततात आणि शांत पाण्यावर काळ्या कुबडांची रांग उठल्याचा भास होतो. तरंगते ओंडके, पोहणारी हरणे व पाणपक्षी हेही असेच चकवितात.

शास्त्रज्ञांनी २०१८ साली याच पाण्याचे नमुने घेतले. प्राणी पाण्यात आपल्या कातडीचे व मलमूत्राचे अंश सोडतात. त्यांतील डीएनएवरून तेथे कोण राहते, हे कळते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी २०१९ साली निष्कर्ष सांगितला: सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र सर्वत्र आढळ आहे.

रविवारी सकाळी बसने दक्षिणेकडे परतून एडिंबरोच्या पश्चिमेस असलेल्या लिव्हिंग्स्टन गावी उतरावे. तेथील डेकमाँट टेकडीवरील रान पायी हिंडण्यास मोकळे आहे. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी रॉबर्ट टेलर या वनकर्मचाऱ्याने तेथे घुमटासारखी वस्तू पाहिल्याचे, तिच्याकडून आलेल्या काटेरी गोळ्यांनी आपणांस ओढल्याचे व पुढे आपली शुद्ध हरपल्याचे सांगितले. पोलिसांनी जमिनीवरील खुणा टिपल्या, फाटलेली विजार तपासणीस घेतली आणि हल्ल्याचा गुन्हा समजून चौकशी केली. अपस्माराच्या झटक्यात तसा भास झाला असावा, असे पुढे काहींनी सुचविले. टेलर कसल्याही शिकारीस निघाले नव्हते. ते आपल्या नित्याच्या कामावर होते. वेदरेल यांच्यासारखा खोटेपणाचा संशय त्यांच्यावर सहसा कोणी घेतला नाही. तथापि प्रामाणिक माणसाचे डोळेही चुकू शकतात, हे येथे ध्यानी ठेवावे.

म्हणून वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात जे दिसले तेवढेच लिहावे: वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, रंग, किती क्षण दिसले. दुसऱ्यात ते काय असावे, याचा तर्क लिहावा. संध्याकाळी टेकडीवरून दिसणारा तेजस्वी ठिपका शुक्र असेल, एडिंबरोच्या विमानतळावर उतरणारे विमान असेल, किंवा ओळीने सरकणारे दिवे कृत्रिम उपग्रहांचे असतील. एवढे सारे वगळूनही पहिल्या रकान्यात काही उरले, तर ते खरोखर जपून ठेवण्याजोगे होय. आणि काहीच न उरले, तर तसे लिहिण्यास संकोच वाटू नये. वेदरेल यांना नेमके तेवढेच एक वाक्य लिहिता आले असते, तर जगाची साठ वर्षांची फसगत टळली असती.