वेब्ली-फॉस्बेरी: दुर्मिळपणाचा हिशेब

जुन्या रिव्हॉल्व्हरचा विक्रेता त्याचा दुर्मिळपणा गुण म्हणून सांगतो आणि किंमतही त्याचीच लावतो. घेणाऱ्याने त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हे हत्यार मुळात दुर्मिळ का झालं? काही हत्यारं युद्धात हरवली किंवा सरकारजमा होऊन वितळवली गेली म्हणून दुर्मिळ असतात, काही कायद्यामुळे बाजारात येत नाहीत म्हणून, आणि काही त्यांच्या काळातच फारशी कुणी घेतली नाहीत म्हणून. या तिसऱ्या जातीच्या हत्याराबरोबर त्याच्या अपयशाचं कारणही नव्या मालकाच्या घरी येतं. शंभर वर्षं उलटली तरी ते सुटत नाही. वेब्ली-फॉस्बेरी ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. अमेरिकेत एखादं लिलावात आलं की काही हजार डॉलरपासून बोली चढत जाते. ते घ्यावं की नाही याचा हिशेब नीट मांडला, तर कुठल्याही अनवट वापरलेल्या रिव्हॉल्व्हरला तो लागू पडेल.

हे यंत्र ज्याला सुचलं, त्याची हयात ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेत गेली होती. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी हा बंगालच्या सैन्यातला अधिकारी. 1863 साली वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेतल्या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निवृत्तीनंतर तो हत्यारांच्या रचनेतच रमला. 1895 साली त्याने स्वतःहून घोडा चढणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि 1901 पासून बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने ते बाजारात आणलं. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर फिरवणं आणि घोडा चढवणं ही दोन्ही कामं नेमबाजाच्या बोटाच्या जोरावर होतात. फॉस्बेरीने ती गोळीच्या धक्क्याकडून करून घेतली. बार उडाला की नळी आणि सिलिंडर यांच्यासह वरचा अख्खा सांगाडा मुठीवरच्या रुळांवरून मागे सरकतो, घोडा चढवतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा जागेवर येतो. सिलिंडरच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या आहेत आणि खालच्या सांगाड्यावरची खुंटी त्या खाचांतून चालते. त्यामुळे मागे जाताना सिलिंडर पुढच्या घराच्या अर्ध्या वाटेवर येतो आणि परतताना उरलेली अर्धी वाट पुरी करतो. वरवर नक्षी वाटणाऱ्या त्या खाचा म्हणजेच त्याची यंत्रणा. रिव्हॉल्व्हरला सहसा नसतो तो सेफ्टीचा खटकाही याला आहे, कारण चढलेला घोडा घेऊन वावरणं याच्या बाबतीत नेहमीचंच.

नेमबाजीच्या मैदानावर ही कल्पना खरी ठरली. चाप हलका आणि धक्का सौम्य, त्यामुळे वॉल्टर विनान्ससारख्या नामांकित नेमबाजाला हे रिव्हॉल्व्हर पसंत पडलं. तरीही ब्रिटिश सैन्याने ते अधिकृतपणे कधीच स्वीकारलं नाही. अधिकाऱ्यांना आपलं हत्यार स्वखर्चाने घेण्याची मुभा असल्यामुळे ते बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात पोचलं खरं, पण खंदकातल्या चिखलाने त्याची कमजोर बाजू उघडी पाडली. उघडे रूळ आणि उघड्या खाचा यांत माती गेली की सरकणं अडतं. मूठ ढिली धरली तर धक्क्याचा जोर हातातच जिरतो आणि पुढचं घर नळीसमोर येत नाही. वजन सव्वा किलोच्या घरात. त्यातच माउझरचं सेल्फ-लोडिंग पिस्तूल 1896 पासून बाजारात होतं. धक्क्याकडून काम करून घ्यायचं तर सिलिंडर हवाच कशाला, हा प्रश्न त्याने उभा केला होता. म्हणून फॉस्बेरी सगळी मिळून पाच हजारांच्याही आतच बनली. ती हरवली म्हणून दुर्मिळ नाहीत. गिऱ्हाइकांनी तेव्हाच त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

अपयशाचं हे कारण, म्हणजे धक्क्यावरचं अवलंबन, आजच्या मालकाला सर्वांत आधी काडतुसांत भेटतं. मोठ्या जातीचं फॉस्बेरी सहा घरांचं, .455 वेब्ली काडतुसाचं. ही काडतुसं आज मोजक्याच कंपन्या काढतात आणि ती महाग पडतात. ती हलकी निघाली तर यंत्रणा पुरती मागे सरकत नाही. जोरदार घेतली तर जुन्या पोलादावर ताण येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या अनेक वेब्ली रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर मागून तासून ती .45 एसीपीसाठी बदलण्यात आली. हे काडतूस मिळायला सोपं, पण त्याचा दाब .455 पेक्षा कितीतरी जास्त. तासलेला सिलिंडर म्हणजे किंमत गेली आणि भरवसाही गेला. आठ घरांच्या .38 जातीत धोका आणखी छुपा आहे. तिचं काडतूस 1900 सालचं .38 एसीपी. 1929 साली आलेलं .38 सुपर बाहेरच्या मापांनी हुबेहूब तेच, पण दाबाने बरंच चढं. चुकीचं काडतूस घरात अलगद बसतं, आणि तिथेच घात होतो. शिवाय ही काडतुसं ज्या गोल क्लिपमध्ये आठही एकदम बसवायची, ती क्लिप आता रिव्हॉल्व्हरइतकीच दुर्मिळ.

म्हणून तपासणीही नेहमीच्या चालीने करून भागत नाही. आधी रिकामं असल्याची खात्री करायची. नळीत उजेड टाकून खड्डे पाहणं, मधोमध उघडणाऱ्या सांगाड्याचा खटका घट्ट आहे का हे पाहणं, सिलिंडरवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळवणं हे कुठल्याही वेब्लीला लागू. फॉस्बेरीत त्यापुढे जाऊन वरचा सांगाडा हाताने मागे ढकलायचा आणि सावकाश सोडायचा, आणि हे प्रत्येक घरासाठी करायचं. सरकणं एकसारखं हवं, घोडा दर वेळी चढून अडकायला हवा, आणि परतल्यावर घर नळीशी नेमकं जुळायला हवं. खाचांच्या वळणांवरच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर तो दोष झाकता येत नाही आणि भरूनही येत नाही. पुन्हा ब्लूइंग (पोलादाची निळसर-काळी झिलई) केलेलं हत्यार पुसट ठशांवरून ओळखू येतं; बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के आणि कंपनीचं नाव ठसठशीत नसेल, तर चमक पाहून भुलू नये.

यावर एक आक्षेप ठरलेला: संग्राहकाला गोळ्या झाडायच्याच नाहीत, मग काडतुसं आणि झीज यांची चिंता कशाला? पण फॉस्बेरीची सगळी किंमत त्याच्या यंत्रणेत आहे. हात लावल्यावर न सरकणारं फॉस्बेरी म्हणजे बंद पडलेलं घड्याळ, आणि ते दुरुस्त करायला दुसरं फॉस्बेरीच मोडावं लागेल. दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा: दुर्मिळ वस्तूचा भाव चढतच जाणार. भाव चढतो तो मूळ स्थितीतल्या, पूर्ण नगाचा. तासलेल्या किंवा रंगवलेल्या नगाला मोजकी, जाणकार गिऱ्हाइकं नाक मुरडतात. ‘द माल्टीज फाल्कन’ या 1941 च्या चित्रपटात फॉस्बेरीचा उल्लेख असल्यामुळे त्याला वलय आहे. त्या संवादात आठ गोळ्यांचं पंचेचाळीस म्हटलंय, आणि तसं फॉस्बेरी कधी निघालंच नाही. बाजारातल्या दंतकथांवर किती विसंबायचं, ते यावरून ठरवावं.

याउलट रशियाचं 1895 चं नागां रिव्हॉल्व्हर घ्या. तेही चमत्कारिक: घोडा चढताना सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतो आणि फट बुजवतो. पण सरकारने ते स्वीकारलं, लाखोंनी बनवलं, त्यामुळे सुटे भाग आणि काडतुसं आजही सापडतात. रचनेचा वेगळेपणा हौशीला तिथे कितीतरी कमी पैशांत मिळतो. आणि भारतात तर दुर्मिळपणाचं गणितच वेगळं. 1980 च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून जुन्या विदेशी .32 रिव्हॉल्व्हरांचे भाव लाखांत गेले, ते यंत्राच्या गुणामुळे नव्हे, पुरवठा आटल्यामुळे. .455 आणि .38 हे बोर तर इथे प्रतिबंधित आहेत. आणि शस्त्र कायदा जुन्यापुराण्या हत्याराला सूट देतो ती ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. चालू स्थितीतलं फॉस्बेरी केवळ वयामुळे सुटत नाही.

तेव्हा निर्णय असा: नेमबाजीसाठी फॉस्बेरी घेऊ नये, कारण काडतुसं आणि झीज आड येतात; संरक्षणासाठीही घेऊ नये, कारण ज्या परीक्षेत ते तेव्हा नापास झालं, तिथे आज पास होणार नाही. यंत्र म्हणून घ्यायचं असेल, तर कागदपत्रं चोख, क्रमांक जुळते, खाचा धारदार आणि सिलिंडर न तासलेला, अशाच नगासाठी पैसे मोजावेत. यातली एक अट जरी सुटत असेल, तरी दुर्मिळ म्हणून लावलेली जादा किंमत देऊ नये. असं दुसरं कधी मिळणार, हे विक्रेत्याचं म्हणणं खरं असलं तरी तो भाव ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.