विजेची नाडी

वैद्य रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवतो आणि शरीराच्या आत काय चालले आहे ते ओळखतो. मुलांनो, वीज वाहून नेणाऱ्या तारेचीही अशी नाडी पाहता येते. ती पाहणाऱ्या उपकरणाला ‘संवेदक’ म्हणतात.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा, आणि धानाला पाणी फार लागते. समजा, तेथील एका शेतकऱ्याने रात्री विहिरीवरचा पंप सुरू केला आणि तो घरी जाऊन निजला. मध्यरात्री विहिरीचे पाणी तळाला गेले; पंप मात्र कोरडाच फिरत राहिला. पंपाच्या आतील भाग पाण्यामुळे थंड राहतात. पाणी नसले की ते तापून बिघडतात. पहाटे शेतकरी येऊन पाहतो, तो वीज वाया गेलेली, पंप नादुरुस्त आणि बांधीतले धान तहानलेले!

हे संकट तारेला मात्र आधीच कळलेले असते. पाणी वर चढवताना पंपाला श्रम पडतात, म्हणून तो अधिक वीज ओढतो. पाणी संपताच त्याचे ओझे हलके होते आणि तारेतील प्रवाह उतरतो. संवेदक हा उतार टिपतो. त्याला जोडलेले छोटे यंत्र पंप बंद करते आणि मोबाइलच्या जाळ्यातून शेतकऱ्याला निरोप धाडते. वस्तूच अशी एकमेकींना व माणसाला खबर देऊ लागल्या, की त्या व्यवस्थेला ‘वस्तूंचे इंटरनेट’ असे म्हणतात.

मुंबईत पवई येथे १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे प्रा. क्रिती रामामृतम् यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर संशोधन केले. इमारतींत मीटर व संवेदक बसवून वीज कोठे आणि केव्हा खर्च होते, हे त्यांनी अभ्यासले. अशा कामाच्या तीन पायऱ्या असतात : उपयोगी तेवढीच नोंद घेणे, तिचा अर्थ लावणे आणि वेळीच कृती करणे. तिसरी पायरी चुकली, तर पहिल्या दोन व्यर्थ होत.

येथे एक सावधगिरीही हवी. घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेरगावी जातात, हेही विजेच्या नोंदीवरून ताडता येते. म्हणून ती नोंद परक्याच्या हाती पडू न देणे अगत्याचे आहे.

नागपूरजवळील कोराडीसारख्या केंद्रात कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करताना अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. तेव्हा आज निजताना आपल्या घरच्या मीटरवरील आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. सारे घर झोपलेले असताना कोण जागे होते, याचा शोध तुम्हालाच लागेल.