शिटी बुडवायची नसते

कानात सतत शिटी वाजते म्हटलं की सल्ला ठरलेला: मोबाइलवर पावसाचा आवाज इतका मोठा लावा, की शिटी ऐकूच येणार नाही. या सल्ल्याची चीड येते, कारण ध्वनिउपचाराचा हेतू नेमका उलटा आहे. आतल्या कानातल्या केसपेशी कमजोर झाल्या की मेंदूकडे जाणारे संदेश घटतात आणि मेंदू ती उणीव स्वतःच भरून काढू पाहतो, त्यातून शिटी उमटते, असं आज मानलं जातं. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना अत्यंत शांत खोलीत बसवलं, तेव्हा 94 टक्के लोकांना कसला ना कसला नाद ऐकू आला. नाद अनेकांना असतो. छळ सुरू होतो तो मेंदूने त्याला धोका ठरवल्यावर. मग छाती धडधडते, मान आखडते, झोप उडते आणि लक्ष पुन्हा त्या नादाकडेच जातं. संशोधक जॅस्ट्रेबॉफ यांनी 1990 मध्ये हेच चक्र मांडलं. त्यांच्या पद्धतीत बाहेरचा आवाज इतकाच ठेवतात, की त्यातून नादही ऐकू येत राहावा. जे ऐकूच येत नाही त्याची मेंदूला सवय कशी होणार?

‘पण मोठ्या आवाजाने शिटी खरोखर थांबते,’ असं कुणी म्हणेल. थांबते, पण बहुधा काही सेकंद, फार तर काही मिनिटं. रोज तसा आवाज कानात ओतला तर उरलेली श्रवणशक्तीही धोक्यात येते. मग सौम्य आवाजाचं यंत्र तरी ताण उतरवतं का? 590 रुग्णांच्या 8 चाचण्या तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्याला ते यंत्राविना दिलेल्या नुसत्या माहिती-मार्गदर्शनापेक्षा सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. 2019 च्या अमेरिकी चाचणीत खरं यंत्र, दिखाऊ यंत्र आणि नेहमीचे उपचार या तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. म्हणून महागड्या यंत्राआधी समुपदेशन आणि वर्तनोपचार. नादाचा जाच कमी करण्यात वर्तनोपचाराचा पुरावा अधिक भक्कम आहे. रात्रीची शांतता खायला उठते तेव्हा पंख्याची हलकी घरघर जरूर चालू ठेवावी, आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार करावा.

जिन्को झाडाच्या अर्काच्या गोळ्या? अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांची 2014 ची मार्गदर्शिका त्या देऊ नका म्हणते. कानात कोमट तेल? ते पडद्याबाहेरच राहतं, आणि पडद्याला भोक असेल तर इजा करू शकतं. ‘वय झालं, चालायचंच’? दर वेळी नाही: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नाद नाडीच्या ठोक्यांबरोबर वाजत असेल तरी तपासणी टाळू नये.